लिटरला अठरा

वोंजूच्या मा गिल-सूने बायकोला, मि-रानला, समुद्र कबूल केला होता. महिन्यातून एकदा, आणि तोही स्वतःच्या गाडीने, खिडकीची काच खाली करून, वाटेत मनात येईल तिथे थांबून भाजलेलं कणीस खात खात. नव्या पांढऱ्या सेडानसाठी मि-रानने आपल्या भिशीची सगळी रक्कम काढून दिली ती त्याच्या एका वाक्यावर. "लिटरला अठरा देते गं," तो म्हणाला होता. "वोंजूहून समुद्रापर्यंत जायला पेट्रोल लागतं ते नुसतं नावाला."

हे मार्चमधलं. ऑक्टोबर उजाडला तरी मि-रानने समुद्र पाहिला नव्हता, कारण गाडी अकरा देत होती.

दुसरा कोणी असता तर अकरा म्हणजे अकरा म्हणून गप्प बसला असता. पण गिल-सूची तीस वर्षं कारखान्यात रक्तदाबाची यंत्रं तपासण्यात गेली होती. यंत्राने एकशे वीसच्या जागी एकशे तेवीस दाखवलं, तर ते त्याच्या हातून पुढे जात नसे. अशा माणसाच्या डोळ्यांसमोर रोज सकाळी डॅशबोर्डवर अकरा पूर्णांक दोन लिहून यावं, हा नियतीचा विनोद होता आणि तो एकट्या गिल-सूला कळत होता. बायकोला त्याने आकडा सांगितलाच नाही. "गाडी अजून रुळायची आहे," एवढंच तो म्हणे. माणूस लग्नानंतर जितक्या दिवसांत रुळतो त्याहून जास्त दिवस गाडीला दिले गेले.

गाडी घरी आली त्या दिवसाचा एक प्रसंग इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढे राहून जाईल. सासूबाई जेचनहून बसने आल्या होत्या. एका हातात भाताच्या दारूची बाटली आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक वाळका मासा, डोळे वटारलेला, तोंड उघडं, अंगाला पांढऱ्या दोऱ्याचे वेढे. नव्या गाडीला तो बांधायचा असतो. त्याचे डोळे मिटत नाहीत, म्हणून तो रात्रंदिवस राखण करतो आणि गाडीवर येणारं संकट आ वासून स्वतः गिळतो. सासूबाईंना चारही चाकांवर दारू शिंपडून, गाडीपुढे वाकून नमस्कार करायचा होता. अकरा मजल्यांच्या तीन इमारतींच्या खिडक्या त्या पार्किंगवर उघडत होत्या. गिल-सूने एका चाकापुरती परवानगी दिली आणि मासा "नंतर बांधतो" म्हणून चपलांच्या कपाटावर ठेवला. चार दिवसांनी मासा तिथे नव्हता आणि त्याच आठवड्यात न्याहारीला वाळक्या माशाचं सूप होतं. गिल-सूने दोन वाडगे घेतले आणि विषय संपला असं मानलं.

आता अ‍ॅव्हरेज. त्याच गाडीच्या मालकांचा इंटरनेटवर एक क्लब होता, साडेचार हजार सभासदांचा. तिथे कोणी खऱ्या नावाने वावरत नसे. अध्यक्षांचं नाव होतं थेंबथेंब आणि सगळे त्यांना अदबीने 'थेंबथेंबसाहेब' म्हणत. रोज रात्री लोक आपापल्या डॅशबोर्डचे फोटो टाकत, सोळा पूर्णांक आठ, सतरा पूर्णांक एक, जसे इतर लोक नातवंडांचे टाकतात. अठराच्या वर गेलेल्याला क्लबतर्फे मागच्या काचेवर लावायला पानाचं चित्र असलेलं हिरवं स्टिकर मिळे. गिल-सू ते फोटो अंथरुणात पडून बघे. बघता बघता डोळा लागे आणि स्वप्नात त्याची गाडी एका न संपणाऱ्या उतारावरून इंजिनाचा आवाज न करता घरंगळत जाई. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, खाली निळं पाणी, आकडा चढतोय, वीस, पंचवीस, चाळीस, आणि शेजारच्या सीटवर मि-रान कणीस सोलतेय. उठल्यावर त्याला त्या कणसाचा वास पुन्हा आठवून बघावासा वाटे.

जागेपणी अठरा फक्त एकाच जागी मिळत, आणि खरं तर अठराच्याही वर. त्यांच्या पार्किंगमध्ये जागा अपुरी, म्हणून उशिरा येणारे आपली गाडी दुसऱ्याच्या गाडीसमोर आडवी लावून न्यूट्रलमध्ये सोडून जात आणि ज्याला बाहेर पडायचं असेल त्याने ती ढकलायची. गिल-सू मुद्दाम उशिरा येई. सकाळी खाली उतरला की कोणीतरी त्याची गाडी हाताने आठ-दहा फूट ढकलून ठेवलेली असे. आठ-दहा फूट, आणि थेंबभरही पेट्रोल नाही. हा विचार त्याला कारखान्यापर्यंत पुरे.

नवव्या मजल्यावरचे तकदादा चौतीस वर्षं टॅक्सी चालवून निवृत्त झाले होते आणि सल्ला द्यायला गिऱ्हाईक शोधत पार्किंगमध्ये बसून असत. त्यांनी गिल-सूला बरंच काही दिलं. टायरमध्ये हवा जास्त ठेव. टाकी अर्धीच भर, पेट्रोललाही वजन असतं. मांडीवर गरम सूपचा वाडगा आहे असं समजून पाय दाब. सकाळच्या गारठ्यात पेट्रोल भर, ते दाट असतं. "आणि एक सांगतो," ते म्हणाले, "झोपलेलं गिऱ्हाईक असलं की माझी गाडी कमी प्यायची. का ते देव जाणे." शेवटचं सोडून गिल-सूने सगळं लिहून घेतलं. शेवटच्यात करण्यासारखं काही नव्हतं.

मग त्याने गाडीचं वजन उतरवायला घेतलं. आधी जॅक गेला, मग छत्र्या, रबरी पायपुसणी, कागदी रुमालांचा डबा, आणि मि-रानने समुद्रासाठी म्हणून डिकीत ठेवलेल्या दोन घडीच्या खुर्च्या. त्या तिने बाल्कनीत नेऊन उघडल्या आणि एकीवर बसून ती कांद्याची पात निवडू लागली. जूनमध्ये एकदा जेवताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "अगं, तुझं वजन सध्या किती असेल?"

मि-रानने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. बायको एकावेळी दोन्ही चॉपस्टिक्स खाली ठेवते तेव्हा शहाण्या माणसाने उठून भांडी घासायला घ्यावीत. गिल-सूने खिशातून कागद काढला आणि तिच्यासकट अ‍ॅव्हरेज शून्य पूर्णांक तीनने घसरतं हे आकडेमोड करून दाखवलं. त्या दिवसापासून बाजारात जायला मि-रान बस धरू लागली आणि शेजारच्या सीटवर कोणी बसेना. समुद्राला बायकोला न्यायचं म्हणून अ‍ॅव्हरेज वाढवायचं आणि अ‍ॅव्हरेज वाढावं म्हणून बायकोला घरी ठेवायचं, या वर्तुळात तो गोल गोल फिरत होता आणि लिटरला अकरा देत होता.

त्यात गाडीत एक आवाज येऊ लागला. तो ऑगस्टमध्ये सुरू झाला की आधीपासून होता आणि पायपुसणी काढल्यावर ऐकू येऊ लागला, हे कोणालाच सांगता आलं नसतं. रस्ता जरा खराब लागला की टक्. पुन्हा टक्-टक्. पुलापाशी उखडलेल्या डांबरावर तर कोणी दार वाजवावं तसा. नवीन गाडीला असा आवाज येतो हे बायकोला सांगणं म्हणजे भिशीच्या त्या रकमेला टक् म्हणण्यासारखं होतं, म्हणून याही बाबतीत तो मूग गिळून राहिला. क्लबात मात्र त्याने मन मोकळं केलं. एकोणसाठ उत्तरं आली. ही या गाडीची नेहमीची तक्रार आहे, छताची पट्टी आहे, शॉकअप आहे, सीटबेल्टचं बक्कल आहे, फेल्टची चिकटपट्टी लावा. गिल-सूने दोन रविवार खपून गाडीत जिथे बोट जाईल तिथे फेल्ट लावलं. गाडी आतून एखाद्या टोपीसारखी झाली आणि आवाज तसाच राहिला.

सर्व्हिस सेंटरमध्ये त्याला एक फॉर्म मिळाला. 'आवाजाचे स्वरूप' याखाली चार चौकोन होते: खडखड, करकर, शिट्टी, इतर. त्याने 'इतर'वर खूण करून पुढे सुवाच्य अक्षरात 'टक्' असं लिहिलं. काउंटरवरचा तरुण फार नम्र होता. तो म्हणाला, नियम असा आहे की आवाज आमच्या माणसासमोर झाला पाहिजे. त्यांचा माणूस शेजारी बसला, गिल-सूने गाडी पुलावरून नेली, उखडलेल्या डांबरावरून तीनदा नेली आणि गाडी देवळात बसल्यासारखी गप्प राहिली. फॉर्मवर 'दोष आढळला नाही' असा शिक्का पडला. माणूस उतरला, गिल-सू एकटा फाटकाबाहेर पडला, आणि टक्.

दुसऱ्या खेपेला त्यांचा माणूस चालवायला बसला आणि गिल-सू शेजारी. आवाज नाही, शिक्का. मग त्याने तकदादांना शेजारी बसवून गावाबाहेर नेलं. तकदादांनी डोळे मिटून चौदा किलोमीटर गाडी ऐकली आणि शेवटी मायेने विचारलं, "गिल-सू, कारखान्यात सगळं ठीक आहे ना?" तिसऱ्या खेपेला त्याने फोनवर आवाज टिपून नेला. काउंटरवरच्या तरुणाने तो दोन्ही हातांनी फोन धरून, मान झुकवून पूर्ण ऐकला आणि म्हणाला, "साहेब, आवाज स्पष्ट आहे. पण इथे तो फोनमधून येतोय, आणि आम्ही फोन दुरुस्त करत नाही." त्या दिवशी गिल-सूला पहिल्यांदाच आपल्या एकशे वीस-ऐंशी रक्तदाबाविषयी शंका आली.

अशात थेंबथेंबसाहेबांनी ऑक्टोबरमधल्या एका रविवारसाठी क्लबची शरद स्पर्धा जाहीर केली. वोंजूच्या टोलनाक्यापासून डोंगर ओलांडून खाली समुद्रापर्यंत, एकशे वीस किलोमीटर. पोचल्यावर इंजिन बंद न करता डॅशबोर्डचा फोटो काढून क्लबात टाकायचा, कारण इंजिन बंद केलं की त्या फेरीचा आकडा पुसला जातो. अठराच्या वर त्याला स्टिकर. आणि फसवाफसवी नको म्हणून प्रत्येक गाडीत दोन माणसं हवीतच, एक चालवायला, एक नोंदी ठेवायला.

नेमक्या त्याच रविवारी मि-रानच्या भिशीतल्या बायका सहलीच्या बसने समुद्राला निघाल्या होत्या. तिने पंधरा दिवसांपूर्वीच आपली जागा सांगून ठेवली होती.

गिल-सूने बुधवारी विषय काढला. मि-रान बाल्कनीत खुर्चीवर कांद्याची पात निवडत बसली होती.

"म्हणजे नोंदी करायला माणूस पाहिजे," ती म्हणाली.

"नियमच आहे तसा."

"आणि माझं वजन चालेल?"

गिल-सूने खाली पार्किंगमध्ये पाहिलं. कोणीतरी त्याची गाडी ढकलत होतं, आणि कधी नव्हे ते त्याला त्याचं काही वाटलं नाही. आपल्या डोळ्यांदेखत ही बाई बसने समुद्राला जाणार, वाळूत बसून परत येणार, आणि पुन्हा कधी या गाडीत पाय ठेवणार नाही, हे त्याला एकदम लख्ख दिसलं. "अकरा देते," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. अठरा कधी दिलेच नाहीत. तुला कोणत्या तोंडाने सांगू म्हणून नाही सांगितलं."

मि-रान पात निवडत राहिली. "अकरा पूर्णांक दोन," ती म्हणाली. "सात महिने झोपेत बडबडताय. मला वाटलं होतं, आज सांगतील, उद्या सांगतील." मग म्हणाली, "अहो, अकरा असले तरी समुद्र तिथेच होता ना?"

रविवारी सकाळी तो खाली आला तेव्हा ती आधीच गाडीपाशी उभी होती. पहाटे चारला उठून तिने किंबापच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पानात भात भरलेल्या, गुंडाळ्या केल्या होत्या, थर्मासमध्ये बार्लीचा चहा होता आणि घडीच्या दोन्ही खुर्च्या तिने डिकीत टाकल्या होत्या. गिल-सूने खुर्च्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि डिकी लावून घेतली. नोंदवही त्याने तिच्या हातात दिली. टोलनाक्यावर तिने पहिली नोंद केली: 'आठ वाजून दहा मिनिटं. धुकं. छान.'

पुलापाशी गिल-सूने कान टवकारले. उखडलेलं डांबर आलं आणि गेलं. काहीच नाही.

"हिला माणसं ओळखता येतात," तो स्वतःशीच पुटपुटला.

"कुणाला?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने तिला सगळं सांगितलं, टक्, फेल्ट, दोन शिक्के, तकदादा. शेजारी कोणी बसलं की आवाज बंद आणि एकटा असलो की सुरू, हे सांगताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. मि-रान ऐकत होती. ऐकता ऐकता तिने वही मिटली, खाली वाकून आपल्या सीटच्या पोटात हात घातला आणि काहीतरी चाचपलं.

"आहे," ती म्हणाली. "जागच्या जागी आहे."

"काय आहे?"

"मासा. आईचा. तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा मी सीटच्या स्प्रिंगना बांधला. दोरा सैल झालाय जरा. मी बसले की दाबून राहतो, नाहीतर खालच्या दांडीवर आपटत असणार."

गिल-सूने समोरच्या अंड्यांच्या ट्रकला आणखी पुढे जाऊ दिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा बायकोच्या खुर्चीखाली होता आणि वळसा सर्व्हिस सेंटरला तीन वेळा झाला होता. "मग ते सूप?" त्याने शेवटी विचारलं.

"ते बाजारातल्या माशाचं. राखणीचा मासा कोणी खातं का?"

"पण याच सीटखाली का बांधलास?"

"ही माझी जागा ना," मि-रान म्हणाली. "म्हटलं, दोघं मिळून तुमच्यावर लक्ष ठेवू. मला काय माहीत, तो एकटाच बसणार आहे."

यावर ती हसली, आणि मग गिल-सूही हसला, पण त्याला ते आत कुठेतरी लागलं. इतके महिने ती रिकामी सीट दार वाजवत होती आणि तो छताला फेल्ट लावत होता.

चढ लागला. आकडा चौदावर आला, मग बारावर. गिल-सू तो बघत होता, पण थोड्या वेळाने शेजारून नोंदी येईनाशा झाल्या. मि-रानला पहाटे चारची झोप गाठत होती. तिचं डोकं एकदा काचेवर आपटलं. मग मात्र त्याने आकड्याकडे पाहायचं सोडलं. वळण आलं की तो आधीच पाय काढून घेई, पुढची गाडी लांब असतानाच सावकाश होई, खड्डा दिसला की बाजूने जाई, सगळं फक्त तिचं डोकं आपटू नये म्हणून. बोगदे एकामागून एक येत होते, पिवळा उजेड तिच्या चेहऱ्यावरून सरकत होता, आणि शेवटच्या बोगद्याबाहेर डोंगर एकदम लाल-पिवळा होऊन खाली उतरत गेला. गाडी घरंगळल्यासारखी उतरत होती. हे स्वप्नातलंच आहे असं त्याला वाटलं, फक्त कणीस नव्हतं. खूप खाली, झाडांच्या फटीतून, समुद्राची निळी रेघ दिसली. तिला उठवून दाखवावी असं वाटून त्याचा हात अर्ध्यावर गेला आणि परत आला. समुद्र कुठे जात नव्हता.

पाइनच्या झाडांखाली गाडी उभी केल्यावरच त्याने आकडा पाहिला. एकोणीस पूर्णांक चार.

त्याने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. मग हळूच फोन काढला, डॅशबोर्डसमोर धरला, आणि अंगठा जागीच थांबला. या देशात फोनने चोरून फोटो काढता येत नाही. बटण दाबलं की कच्चकन आवाज होतोच, तो बंद करायची सोयच नसते, आणि गिल-सूचा फोन तर कपाटाचं दार आपटावं तसा वाजे. शेजारी मि-रानचं तोंड किंचित उघडं होतं आणि मांडीवर उघडी वही होती. त्यात शेवटची नोंद अर्धीच होती: 'डोंगर लाल'.

थेंबथेंबसाहेब खिडकीशी आले. प्रत्यक्षात ते बारीक चणीचे दातांचे डॉक्टर निघाले. त्यांनी वाकून आकडा पाहिला आणि बाहेरून खुणेनेच विचारलं, फोटो? गिल-सूने ओठांवर बोट ठेवून शेजारी मान वळवली. डॉक्टरांनी बाहेरून स्वतःच्या फोनने प्रयत्न केला, पण काचेवर नुसती पाइनची झाडं आली. नियम त्यांनीच केलेला होता. ते स्वतःशीच मान हलवत कॉफी घ्यायला गेले.

इंजिन चालू होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. पेट्रोल जळत होतं आणि किलोमीटर वाढत नव्हते. एकोणीस पूर्णांक दोन. एकोणीस. गिल-सू फोन मांडीवर ठेवून बसून राहिला. समोर लाट यायची, पसरायची, परत जायची. अठरा पूर्णांक सहा. त्याला वाटलं होतं, आकडा घसरताना बघवणार नाही. बघवत होतं. अठरा पूर्णांक दोन. कोणीतरी मुलांना घेऊन पतंग उडवत होतं. अठरा.

मि-रान जागी झाली ती समुद्राच्या वासाने असावी, कारण तिने आधी श्वास घेतला आणि मग डोळे उघडले. बराच वेळ ती समोर बघत राहिली. मग कामाची आठवण होऊन तिने वही सावरली.

"किती?"

"सतरा पूर्णांक नऊ."

"हवे किती होते?"

"अठरा."

तिने चालू इंजिन ऐकलं, त्याच्या मांडीवरचा फोन पाहिला, घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं ते तिथे उभे होते. "अहो, मला उठवायचं नाही का?"

"फोन फार वाजतो," गिल-सू म्हणाला.

मि-रानने वहीत सतरा पूर्णांक नऊ लिहिलं, त्याखाली एक रेघ ओढली आणि दार उघडलं. डिकीतून खुर्च्या काढताना ती पाठमोरी म्हणाली, "मग पुढच्या महिन्यात परत यावं लागणार."

"नियमच आहे तसा," गिल-सू म्हणाला आणि त्याने इंजिन बंद केलं.

त्या रात्री क्लबात त्याने दोन ओळी टाकल्या. आवाजाचं कारण सापडलं: शेजारची सीट रिकामी होती. आता आवाज नाही. सकाळपर्यंत एकतीस जणांनी विचारलं होतं की हा भाग कुठे मिळतो, त्याचा नंबर काय, आणि बसवायला किती वेळ लागतो. गिल-सूने मि-रानला विचारलं. ती म्हणाली, आईला विचारते, पण तिच्याकडे एकच होता.

सोमवारी तो एकटाच कारखान्याला निघाला. पुलापाशी उखडलेलं डांबर आलं आणि शेजारच्या सीटखालून टक् झालं, मग टक्-टक्. गिल-सूने रेडिओ बंद केला आणि पूल संपेपर्यंत ते ऐकत गेला.